फटफटीवरच्या नर्सबाई

मोटारसायकल या वस्तूचा मला पहिल्यापासून राग आहे. ऊन-वारा अंगावर घ्यायचा, तोंडात चिलटं जाऊ द्यायची, कंबरडं मोडून घ्यायचं आणि वर याला मजा म्हणायचं! त्यातून जुन्या मोटारसायकलींचे शौकीन म्हणजे तर देवा रे देवा. तुमच्याशी बोलताना त्यांचं निम्मं लक्ष रस्त्यावरच्या आवाजाकडे. आपण मुलीचं लग्न ठरल्याचं सांगावं, तर हे म्हणणार, "थांबा थांबा, त्या गाडीचं टॅपेट वाजतंय." असल्या माणसांच्या मागे माझी छोटी मोटार घेऊन मी तीन वेळा अर्धा दक्षिण हिंदुस्थान फिरून आलो आहे. स्वतःच्या इच्छेने मुळीच नाही. लोणावळ्यात आमच्या शेजारी सुलोचना ओव्हाळ राहायच्या, एवढंच त्याचं कारण.

साऱ्या मावळाला त्या नर्सबाई म्हणून ठाऊक. नोकरी सरकारी दवाखान्यातली, पण दवाखान्यात त्या सापडायच्या कमीच. पवना नदीच्या अल्याड-पल्याडच्या वाड्यांवर लसी टोचत आणि बाळंतपणं करत त्यांची सगळी नोकरी झाली. मूळच्या जवळच्याच औंढे गावच्या. उंची पाच फुटांच्या आतली, अंगाने भरलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा. आवाज चढवायची गरज त्यांना कधी पडली नाही, कारण तो मुळातच चढलेला असायचा. वयाने माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणायचो. त्या मला भाऊ म्हणायच्या आणि घरच्या भावाला सांगावीत तशी कामं सांगायच्या. आता त्या नाशिकला लेकीकडे असतात. गुडघा नवा बसवलाय, जिना चढतात, आणि फोनवरून अजून मला कामं सांगतात.

खात्याने त्यांना पहिल्यांदा दिली होती सायकल. भातखाचरांच्या चिखलात सायकल त्यांच्यावर बसायची, त्या सायकलवर बसायच्या नाहीत. शेवटी वैतागून त्यांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी फटफटी घेतली. चालवायला शिकल्या औंढ्याच्या बांधावर. पहिल्याच दिवशी गाडीसकट खाचरात गेल्या, आणि लावणीच्या बायका धावत आल्या तर ह्या चिखलातून म्हणाल्या, "मला र्‍हाऊ द्या, आदी तिला उचला, तिचं पेट्रोल सांडतंय." इंजिन लिलावातलं, टाकी कुठल्याशा दुसऱ्याच गाडीची, मागचं मडगार्ड कामशेतच्या लोहाराने ठोकून दिलेलं. एकदा एका शौकिनाने गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घालून विचारलं, "मॅडम, हिची कंपनी कोणती?" त्यावर म्हणाल्या, "माझीच."

गाडीचा आवाज मात्र खणखणीत होता, आणि तीच पंचाईत झाली. तो आवाज खिंडीत आला की खालच्या वाडीतली पोरं गायब व्हायची. कुणी माळ्यावर, कुणी गोठ्यात, एक तर म्हणे भाताच्या कणगीत सापडला होता. नर्सबाई गावात पोचेपर्यंत तिथे लस द्यायला फक्त कोंबड्या उरायच्या. मग त्यांनी युक्ती काढली. चढ संपला की इंजिन बंद, आणि उतारावरून गाडी आवाज न करता सोडून द्यायची ती थेट शाळेच्या दारात. मास्तर आधीच फितूर केलेले असायचे. पोरं मान वर करून बघतात तर दारात पांढरी साडी आणि हातात लसीचा डबा! पुढे कितीतरी वर्षांनीही कामशेतच्या बाजारात मिशा पिळणारे चांगले आडदांड व्यापारी नर्सबाई समोर आल्या की नकळत डावा दंड चोळायचे. मी पाहिलंय. एकदा मी हसलो, तर त्यातला एक मला म्हणाला, "हसताय काय साहेब, तुमाला न्हाई टोचलंय बाईंनी."

गाडीची दुरुस्ती त्यांना येत होती असं म्हणणं म्हणजे शुद्ध अन्याय होईल. त्या गाडीवर उपचार करायच्या. लसीच्या जुन्या डब्यात पाने आणि पक्कड ठेवलेली असायची. इंजिनाला उलटा हात लावून "ताप हाय थोडा" असं निदान व्हायचं. ऑइलला त्या टॉनिक म्हणायच्या. गाडी काही केल्या चालूच होईना, तर दोन पावलं मागे सरून कमरेवर हात ठेवायच्या आणि विचारायच्या, "जित्ती हायेस न्हवं? मंग चल." बाळंतिणीलाही हेच, तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्यालाही हेच. माझे सासरे वारले त्यानंतर मी दोन दिवस खुर्चीतून उठलो नव्हतो, तेव्हा दारात उभं राहून मलाही हेच म्हणाल्या होत्या. मला तेव्हा भयंकर राग आला होता. पण उठलो.

तर आता ती दौड, जिच्यामागे मी तीनदा फिरलो. दर हिवाळ्यात पन्नासच्या वर वय असलेल्या मोटारसायकली लोणावळ्यातून निघतात, घाट उतरून कोकण, तिथून गोवा, मग पठारावर चढून हंपी, विजापूर, सोलापूर आणि पुण्यावरून पुन्हा लोणावळा. आठवडाभर हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि जिथून निघालो तिथेच परत यायचं; यात काय मिळवलं ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. नियम दोनच, पण कडक. गाडी स्वतःच्या बळावर परत आली पाहिजे. आणि ज्याची गाडी त्यानेच किक मारायची, दुसऱ्या कुणाचा पाय किंवा धक्का लागला की बाद. बाद झालेल्यांसाठी सगळ्यांच्या मागून एक टेम्पो चालतो. त्याचा चालक बबन, औंढ्याचाच. स्वभावाने इतका गोड की त्याच्यावर रागावताही येत नाही, आणि म्हणूनच त्याचा जास्त राग येतो. कुणाची गाडी जरा खाकरली की हा लगेच शेजारी टेम्पो लावून हळूच विचारणार, "चढवू का?"

निवृत्तीनंतर नर्सबाईंनी या दौडीत नाव दिलं तेव्हा कॉलनीला वाटलं, गंमत आहे. बाकी मंडळी म्हणजे कारखानदार, संगणकवाले, एक दाताचे डॉक्टर. चामडी जाकिटं, चकचकीत गाड्या. त्यात ह्या पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट आणि अंगात नवऱ्याचा रेल्वेतला जुना कोट घालून. पहिल्याच मुक्कामाला त्यांनी सगळ्यांना रांगेत बसवून रक्तदाब तपासला. दोघांच्या ताटातलं लोणचं उचललं. दुसऱ्या दिवसापासून ते कारखानदार सिगारेट ओढायला माझ्या मोटारीच्या आडोशाला यायला लागले.

पहिल्या वर्षी आंबोलीच्या चढात त्यांच्या गाडीचा क्लच जळला. दुसऱ्या वर्षी सोलापूर जवळ आलं असताना चेन तुटली आणि तुटताना गिअरबॉक्सचं कवच घेऊन गेली. दोन्ही वेळा बबनने मऊ आवाजात विचारलं आणि दोन्ही वेळा गाडी टेम्पोत चढली. घरी आल्यावर आमच्या मिसेसने कौतुकाने विचारलं, "ताई, झाली का दौड?" तर बाईंनी अंगातला कोट काढून घडी घातला. मग म्हणाल्या, "टेम्पोतून आलेली मोजत न्हाईत, वैनी."

तिसऱ्या वर्षी त्यांचा उजवा गुडघा गेला. तळेगावच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, सांधा बदलायचा. आणि बदलल्यानंतर किक बंद. कायमची. नर्सबाईंनी तारीख घेतली ती दौडीनंतरच्या आठवड्यातली. मी चिडलो. आमच्या मिसेसनेही समजावलं. लेकीने नाशिकहून फोनवर रडून घेतलं. नर्सबाई पोहे परतत सगळ्यांचं ऐकत होत्या. म्हणाल्या, "हजारो लोकांना सांगितलं मी, घाबरू नका, एकदाच दुखंल. आता माझी पाळी आली तर मी मागं सरू व्हय? एकदा तिच्यावर बसून परत येती. मंग कापा काय कापायचं ते."

तिच्यावर बसून परत यायचं. बस, एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्यासाठी ही एकच संधी उरली होती. मी मुकाट्याने मोटारीत हवा भरून घेतली.

त्या वर्षी आंबोली चढली. सोलापूर गेलं. रोज सकाळी एका किकेत गाडी चालू व्हायची आणि नर्सबाई ओठ घट्ट मिटून क्षणभर डोळे बंद करायच्या, एवढंच. मीसुद्धा, खोटं कशाला सांगू, हंपीनंतर इंजिनाच्या आवाजाकडे कान देऊन ऐकायला लागलो होतो. शेवटच्या दिवशी पुणे ओलांडून सोमाटणे फाट्यावर आलो, टाकी काठोकाठ भरली, आणि आता काय, घरच आलं, असं म्हणून मी पेढ्यांचा बॉक्ससुद्धा घेतला.

सोमाटण्याला बायकांचा घोळका वाट पाहत उभा होता. पुढे हिराबाई; त्यांची चारही बाळंतपणं नर्सबाईंनी केलेली. हार, नारळ, ताट, सगळी तयारी. हिराबाई हळद-कुंकू लावायला पुढे झाल्या. नर्सबाईंचं घर बौद्ध, भिंतीवर बुद्धाची तसबीर. कपाळाला त्या काही लावून घेत नसत. पण इतक्या प्रेमाने आलेल्या बाईचा हात मागे कसा सारायचा? त्या हसून म्हणाल्या, "हिरे, मला नगं गं. गाडीला लाव. तिला कसला आलाय धरम!"

झालं. बायकांना मोकळं रान मिळालं. दिव्याला हळद, हँडलला हळद, चाकाला कुंकू. कालवलेलं हळद-कुंकू जाड बोटांनी टाकीवर थापलं. मागच्या एका आजींना पुढे जागा मिळेना, त्यांनी वरून हात घालून टाकीच्या झाकणावरच पसाभर लेप चढवला. गाडी लग्नातल्या वरमाईसारखी दिसायला लागली. सगळे हसले, मी फोटो काढले, नर्सबाईंनी किक मारली.

वडगाव मागे पडलं आणि गाडी गचके खात बंद झाली. नर्सबाईंनी किक मारली. पुन्हा मारली. मारत राहिल्या. मी म्हणालो, "ताई, पेट्रोल बघा." त्या म्हणाल्या, "आत्ता भरलंय की, भाऊ!" पण झाकण उघडून पाहिलं. टाकी भरलेली. झाकण लावलं, किक मारली, चालू. "नाटकं करती," असं म्हणून निघाल्या. कामशेतच्या अलीकडे पुन्हा तेच. पुन्हा बारा किका, पुन्हा झाकण उघडून आत डोकावणं, पुन्हा चालू. दाताचे डॉक्टर थांबून म्हणाले, प्लग असेल. प्लग बदलला. कारखानदार म्हणाले, कचरा असेल. त्यांना नर्सबाईंनी पुढे पिटाळलं, "जावा तुमी, तिकडं लोणावळ्यात भजी गार हुतील." बाकीच्या गाड्या निघून गेल्या. उरलो आम्ही दोघं आणि मागे तो बबनचा टेम्पो.

कामशेतच्या चढावर गाडी तिसऱ्यांदा बंद पडली. आता नर्सबाईंचा पायच वर उचलेना. मांडी दोन्ही हातांनी धरून त्यांनी पाय किकेवर ठेवला, जोर दिला, आणि तोंडातून असा आवाज आला की मी मोटारीतून धावत उतरलो. त्या गाडी स्टँडवर लावून कठड्यावर बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"भाऊ, अजून एक-दोन मारीन. त्याच्या फुडं न्हाई जमायचं."

"मी मारतो ना! इथे कोण बघतंय?"

"मी बघती की."

तेवढ्यात टेम्पो शेजारी येऊन थांबला. बबन खाली उतरला. त्याने तोंड उघडलं, नर्सबाईंकडे पाहिलं, आणि तोंड पुन्हा मिटलं. पहिल्यांदाच त्याने विचारलं नाही. मला तर रडूच यायला लागलं आणि त्या रडण्याचा रागही यायला लागला. मी गाडीवर डाफरलो. खरंच डाफरलो, चारचौघांत सांगायची लाज वाटेल अशा शब्दांत.

नर्सबाई उठल्या. "दोनदा आत बघितलं तवा चालू झाली. काय हाय काय आत?" असं पुटपुटत त्यांनी झाकण फिरवलं. ट्रकांची वर्दळ क्षणभर थांबली होती, म्हणून ऐकू आलं. झाकण सैल झाल्याबरोबर फुस्स करून टाकीने हवा आत ओढली.

नर्सबाईंनी झाकण डोळ्यांसमोर धरून पाहिलं. मग स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बया! सलाईन!"

मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं. पण त्या हसायलाच लागल्या. "भाऊ, पूर्वी काचेच्या बाटल्या असायच्या सलाईनच्या. त्यात हवेची येगळी सुई टोचायला लागायची. न्हाईतर थेंब पडायचा थांबतो. बाटलीत हवा गेल्याबिगर सलाईन खाली कसं येणार? हिच्या झाकणाला बी तसलंच भोक असतंय. आन् ते बघा!"

पाहिलं. झाकणाच्या मधोमध, उन्हाने वाळून कडक झालेला, हळद-कुंकवाचा लालपिवळा गिलावा. मावळातल्या मायाळू बायकांनी गाडीचं नाक बंद करून टाकलं होतं.

"जलमभर सलाईन लावलं, आन् तीन थांबे गेले तरी डोक्यात ईना. येडी म्या!" बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन त्यांनी काढली, झाकणाचं भोक टोकरून साफ केलं, फुंकर मारली. नेमका तेव्हाच हिराबाईंचा फोन आला. पोचलात का, म्हणून. आता ही बाई हिराबाईला काय काय सुनावते, या आशेने मी कान टवकारले.

"पोचतेच गं," नर्सबाई म्हणाल्या. "व्हय, व्हय. तुझं कुंकू लय लागू पडलं बघ गाडीला."

फोन ठेवला. उजवा पाय पुन्हा दोन्ही हातांनी किकेवर ठेवला. बबनने नजर दुसरीकडे वळवली, मी डोळे मिटले. एकच किक. धड्, धड्, धड्, इंजिन सुरू झालं आणि नर्सबाईंनी अशी शिवी हासडली की ती मी इथे लिहू शकत नाही. आनंदाची होती.

त्यानंतर कार्ला फाटा, वळवण, कुठे थांबल्या नाहीत. लोणावळ्याच्या मैदानावर सगळे उभेच होते. या दौडीची एक पद्धत आहे: शेवटची गाडी येऊन तिचं इंजिन शांत होईपर्यंत कुणी पानावर बसत नाही. पिठलं-भाकरी तयार, भज्यांचा घाणा चालू, आणि चामडी जाकिटातले भुकेले लोक रिकाम्या ताटल्या घेऊन ताटकळत. नर्सबाई आत शिरल्या तसे लोक त्या ताटल्याच वाजवायला लागले. आमच्या मिसेसने हार घातला. लेक नाशिकहून येऊन उभी होती, ती हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं.

ताटल्या थांबल्या. गाडी चालूच. नर्सबाई सीटवर बसलेल्या, दोन्ही पाय जमिनीला टेकवून. इंजिन संथ ठोके देत होतं. कुणीतरी ओरडलं, "मावशी, बंद करा आता, भूक लागलीय!" त्यांनी ऐकलं नाही. मी जवळ गेलो, कानाशी वाकलो. "ताई, पोचलो आपण. बंद करा."

"भाऊ," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच इतक्या हळू की मला पुन्हा वाकावं लागलं, "बंद केली की पुन्यांदा मला चालू करता येणार न्हाई."

मी मागे सरलो आणि त्या ओरडणाऱ्याला हाताने गप्प बस म्हणालो. हळूहळू सगळ्यांनाच उमगलं असावं. पिठलं निवत होतं, भजी निवत होती, पण कुणी हाक मारली नाही. लेकीने चहाचा कप आणून दिला. नर्सबाईंनी तो सीटवर बसूनच, इंजिनाचे ठोके ऐकत, सावकाश घोट घोट करत प्यायला. कप परत दिला. तोंड पुसलं. मग खाली हात घालून पेट्रोलचा कॉक बंद केला. चावीला हात लावला नाही.

पाइपात आणि कार्बोरेटरात जेवढं उरलं होतं तेवढ्यावर गाडी चालत राहिली. बराच वेळ चाललीशी वाटली. मग ठोके विरळ झाले, एक वेळ थांबल्यासारखी झाली, पुन्हा दोन ठोके दिले, आणि थांबली.

नर्सबाईंनी ओढणीने टाकीवरचं उरलंसुरलं कुंकू पुसलं, लेकीच्या खांद्याला धरून पाय पलीकडून काढला आणि उतरल्या. मग मान वळवून टेम्पोकडे पाहिलं.

"बबन," त्यांचा नेहमीचा आवाज मैदानभर गेला, "लेकरा, आता चढव."